ब्रेस्ट कॅन्सरच्या नवीन संशोधनाची बातमी आली की काय बघायचं

बातमी आली की ती फिरत फिरत पेशंटपर्यंत पोचतेच आणि मग सुरू, तुला हे औषध का नाही देत, डॉक्टरांना विचारलंस का वगैरे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो हो, पण डोकं तिचं फिरतं.

तर बातमी बाजूला ठेवा आणि आधी बायोप्सीचा रिपोर्ट काढा. त्यात ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रोटीन) शोधा. पहिल्या दोनपैकी एक जरी पॉझिटिव्ह असलं तरी गाठ हार्मोनवर वाढतेय, तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह. सोबत स्टेज, काखेतल्या गाठींत पसरलाय का आणि पाळी चालू आहे की बंद, हेही लिहून ठेवा. संशोधन ठरावीक गटावर झालेलं असतं, तुम्ही त्या गटात बसत नसाल तर ती बातमी कितीही भारी असली तरी तुमची नाही.

उदाहरणार्थ २०१८ चा टेलर-एक्स अभ्यास, दहा हजारांवर बायका होत्या त्यात. त्यातून कळलं की गाठीच्या जीन टेस्टचा स्कोअर ११ ते २५ असेल तर बहुतेकींना हार्मोनच्या गोळ्या पुरतात, किमोने फारसा फरक पडत नाही. मथळा झाला 'किमोची गरज नाही'! पण हे हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत न पसरलेल्या कॅन्सरबद्दल होतं, आणि त्यातही पन्नाशीच्या आतल्या ज्यांचा स्कोअर १६ ते २५ होता त्यांना किमोचा थोडा फायदा दिसलाच.

जुना रिपोर्टही परत बघा बरं का. हर-टू समोर ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं, आणि १+ ला सरसकट निगेटिव्ह म्हणायचे. २०२२ मध्ये आधी किमो झालेल्या, शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे औषध दिलं तेव्हा १+ वाल्यांना, आणि २+ असून पुढची टेस्ट निगेटिव्ह आलेल्यांनाही फायदा झाला, आजार वाढायला साधारण ५ च्या जागी १० महिने लागले. पण जवळपास १२ टक्के पेशंटच्या फुप्फुसांना सूज आली, हे बातमीत शेवटी असतं नाहीतर नसतंच.

टक्के दिसले की एकच विचारायचं, कशाचे टक्के? २००२ मध्ये पाळी गेल्यावर घ्यायच्या दोन हार्मोनच्या एकत्र गोळ्यांनी ब्रेस्ट कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो असं आलं आणि बायका हादरल्या. मूळ आकडा काय, तर वर्षाला दर १०,००० बायकांत ३० च्या जागी ३८. वाढ खरीच आहे, पण २६ टक्के ऐकून जे डोळ्यासमोर येतं ते हे नाही.

उंदरांवरचं किंवा लॅबमधल्या पेशींवरचं असेल तर वाचा आणि सोडून द्या. माणसांवरच्या चाचण्यांत पहिल्या फेजमध्ये मुख्यतः डोस आणि सेफ्टी बघतात, तिसऱ्या फेजमध्ये चालू ट्रीटमेंटशी तुलना असते, आपल्या कामाचं बहुतेक तिथलंच.

डॉक्टरांकडे जाताना लिंक दाखवून 'हे द्या' म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: माझ्या टाइपवर झालंय का, आयुष्य वाढलं की फक्त स्कॅन सुधारला, आणि आत्ताच्या औषधापेक्षा त्रास किती. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा.