पोस्टग्रेस १४ वरून १७ वर: पीजी_अपग्रेड कसे चालवावे

देवगडच्या आंबा पॅकहाऊसची बिले असोत, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्याची आवक असो की मालवणच्या होमस्टेचे बुकिंग, सर्व्हरवर पोस्टग्रेस (डेटाबेस सांभाळणारे सॉफ्टवेअर) १४ चालू असेल तर त्याला नोव्हेंबर २०२६ पर्यंतच दुरुस्त्या मिळतील. नवी आवृत्ती बसवून तिला जुना डेटा फोल्डर दाखवला तर ती सुरू होत नाही, कारण दर प्रमुख आवृत्तीत सिस्टम कॅटलॉगची, म्हणजे डेटाबेसमध्ये काय काय आहे याच्या अंतर्गत नोंदींची, रचना बदलते. टेबलांच्या फायलींची मांडणी मात्र सहसा तीच राहते. पोस्टग्रेससोबत येणारी पीजी_अपग्रेड ही कमांड नेमका याचाच फायदा घेते: कॅटलॉग नव्याने बांधते आणि टेबलांच्या फायली जशाच्या तशा उचलून आणते. त्यामुळे डम्प (सगळ्या डेटाची एका फाईलमध्ये काढलेली प्रत) काढून पुन्हा भरण्यापेक्षा वेळ बराच कमी लागतो.

काम हंगामात काढू नका. पॅकहाऊससाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पावसाळ्यात धंदा थंड असला तरी वीज बेभरवशाची असते, आणि निम्म्यावर बंद पडलेले अपग्रेड म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मेहनत. यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या.

पहिली पायरी बॅकअपची. १७ च्या बिन फोल्डरातली (जिथे पोस्टग्रेसच्या कमांड असतात) पीजी_डम्पऑल वापरून चालू सर्व्हरचा पूर्ण डम्प घ्या. जुन्या आवृत्तीचा डम्प घेताना नव्या आवृत्तीचे साधन वापरणे योग्य. ती फाईल दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा एकाच इमारतीतला सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही पाण्याखाली जाऊ शकतात हे साऱ्या कोकणाने पाहिले आहे. डम्प दुसऱ्या मशीनवर एकदा भरून पाहा. तो भरला गेला तरच त्याला बॅकअप म्हणता येईल.

पुढच्या पायऱ्या रॉकी किंवा अल्मा लिनक्ससाठी आहेत. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना रोमन अक्षरेच वापरा. १७ चे सर्व्हर आणि कॉन्ट्रिब (जोडसाधनांचे) पॅकेज १४ च्या शेजारी बसवा; १४ काढू नका, कारण पीजी_अपग्रेडला दोन्हींचे बिन फोल्डर लागतात. जुन्या सर्व्हरवर 'शो डेटा_चेकसम्स' विचारा; चेकसम म्हणजे डेटा बिघडला का हे ओळखणारी खूण. उत्तर 'ऑन' आले तर १७ चा इनिटडीबी (नवा रिकामा डेटा फोल्डर तयार करणारी कमांड) चालवतानाही चेकसम चालू ठेवा, 'ऑफ' आले तर बंद. दोन्हीकडे फरक असेल तर अपग्रेड पुढे जात नाही. नवा क्लस्टर, म्हणजे १७ चा हा डेटा फोल्डर आणि त्याचा सर्व्हर, रिकामा आणि बंदच राहू द्या, त्यात हौसेने टेबल बनवू नका.

आता खरी पायरी. पोस्टग्रेस या वापरकर्त्याने, लिहिण्याची परवानगी असलेल्या फोल्डरातून पीजी_अपग्रेड चालवा. रूटने (लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्याने) चालवल्यास ती थेट नकार देते. कमांडमध्ये लहान बीने (-b) जुना बिन फोल्डर आणि मोठ्या बीने (-B) नवा, तसेच लहान डीने (-d) जुना डेटा आणि मोठ्या डीने (-D) नवा दाखवा. शेवटी --चेक जोडा. जुना सर्व्हर चालू असतानाही ही तपासणी होते आणि डेटाला हात लागत नाही, म्हणून ती आठवडाभर आधीच करून ठेवा. बहुतेक अडचणी एक्स्टेंशनच्या (पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा सुविधांच्या) असतात: १४ साठी नकाशांचा डेटा सांभाळणारे पोस्टजीआयएस होते, १७ साठी बसवलेच नाही. कोणती लायब्ररी सापडली नाही त्याची यादी नव्या डेटा फोल्डरात पीजी_अपग्रेड_आउटपुट.डी खाली लोडेबल_लायब्ररीज नावाच्या फाईलमध्ये मिळते. सगळे 'ओके' येईपर्यंत पुढे जाऊ नका.

ठरलेल्या रात्री सगळे काउंटर बंद करा, जुना सर्व्हर थांबवा आणि तीच कमांड --चेक वगळून चालवा. नेहमीच्या पद्धतीत फायलींची प्रत काढली जाते, म्हणून डिस्कवर जुन्या डेटाएवढी जागा मोकळी हवी. मध्येच वीज गेली तर जुना डेटा शाबूत असतो. नवा फोल्डर रिकामा करून, इनिटडीबी करून पुन्हा सुरुवात करायची. --लिंक दिल्यास प्रत न काढता हार्ड लिंक होतात, म्हणजे जुना आणि नवा फोल्डर त्याच फायली वापरतात, आणि काम फार लवकर उरकते. पण एकदा नवा सर्व्हर सुरू झाला की जुन्याकडे परतीचा रस्ता बंद. डिस्कवर जागाच नसेल तरच तो मार्ग धरा. --जॉब्सने कामे समांतर चालतात, मात्र एकच मोठा डेटाबेस असेल तर फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरून 'कनेक्शन होत नाही' असा फोन येतो, तो सहसा सेटिंगमुळे. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ (सर्वसाधारण सेटिंग) आणि पीजी_एचबीए.कॉन्फ (कोणी कुठून जोडायचे याचे नियम) या फायली आपोआप नव्या फोल्डरात येत नाहीत. जुन्यातले नियम, लिसन_अॅड्रेसेस (सर्व्हर कोणत्या पत्त्यांवर जोडणी घेतो ते) आणि मेमरीची मापे हाताने उतरवा. जुन्या काळचे एमडी५ पासवर्ड असतील तर एचबीएमध्ये 'एमडी५'च ठेवा. स्क्रॅम (पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत) लिहिले की ते वापरकर्ते बाहेर राहतात.

सर्व्हर सुरू होताच व्हॅक्यूमडीबी --ऑल --अॅनालाइझ-इन-स्टेजेस चालवा. १७ पर्यंत प्लॅनरची (डेटा शोधण्याचा जलद मार्ग ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी अपग्रेडमध्ये सोबत येत नाही, आणि ती नसताना साधा अहवालही रखडतो. मग नवी आवृत्तीच मंद आहे असा गैरसमज पसरतो.

सेंटओएस ७ सारख्या जुन्या लिनक्सवरून डेटा फोल्डरच नव्या मशीनवर आणला असेल तर आणखी एक काम उरते. ऑगस्ट २०१८ मधल्या जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ पासून अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. मजकुरावरचे जुने इंडेक्स (झटपट शोधासाठीच्या सूची) त्या क्रमाशी जुळत नाहीत: ग्राहकाचे नाव टेबलात असते, पण शोधल्यावर सापडत नाही, किंवा एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा पडते. दर डेटाबेसवर 'रीइंडेक्स डेटाबेस' चालवणे हाच उपाय.

उबुंटूवर सेटिंगच्या फायली डेटा फोल्डरात नसून /इटीसी खाली असतात. तिथे पीजी_अपग्रेडक्लस्टर ही कमांड -एम अपग्रेड देऊन वापरणे सोयीचे.

शेवटी डिलीट_ओल्ड_क्लस्टर ही स्क्रिप्ट तयार होते. ती लगेच चालवू नका. एक महिनाअखेर नव्या सर्व्हरवर काढा, बिले आणि साठ्याचे आकडे जुळवा, नवा डम्प घ्या, आणि मगच जुना फोल्डर पुसा.