न्यूटोनियन, ब्राउनियन, कार्टेशियन: विज्ञान प्रदर्शनात या चुका टाळा

शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेल्या विशेषणात बहुतेक वेळा एक अट दडलेली असते. ती पुरी होत नसेल तर फलकावर तो शब्द लिहू नये. सांगली-साताऱ्याकडच्या मुलांनी तर 'न्यूटोनियन'पासूनच सांभाळावं, कारण उसाच्या या पट्ट्यात काकवी आणि पाक सहज हाताशी असतात.

काकवी दाट, म्हणून ती नॉन-न्यूटोनियन, हा तर्क चुकीचा. दाटपणावरून काही ठरत नाही. तापमान तेच ठेवून द्रव सावकाश ढवळा नाहीतर जोरात, श्यानता (वाहण्याला होणारा द्रवाचा अंतर्गत विरोध) बदलली नाही तर तो न्यूटोनियन. साखरेचा गाळलेला पाक घट्ट असूनही न्यूटोनियनच. गार झाला की तो आणखी घट्ट होतो, पण तो तापमानाचा परिणाम. म्हणून तुलनेचे नमुने एकाच तापमानाला आणा.

नॉन-न्यूटोनियन दाखवायला दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी घाला. बोट हळूच आत जातं, बुक्की मारली की मिश्रण कडक होतं. शिंतोडे उडाले तर पाणी जास्त झालंय, चमचाभर पीठ वाढवा. मैदा चालणार नाही. पीठ तळाशी बसतं, त्यामुळे परीक्षक येण्याआधी खालपासून ढवळून घ्या. 'दाब दिल्यावर घट्ट होतो तो नॉन-न्यूटोनियन' ही व्याख्या मात्र लिहू नका. टोमॅटो सॉसही नॉन-न्यूटोनियन आहे आणि तो हलवल्यावर पातळ होतो.

न्यूटोनियन दुर्बिणीचा या अटीशी संबंध नाही. तिथे ते फक्त न्यूटनच्या आरशांच्या रचनेचं नाव.

कवडशातली धूळ 'ब्राउनियन गती' (भोवतालच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी सूक्ष्म कणांची थरथर) म्हणून दाखवतात. ती मुख्यतः हवेच्या झोतांनी हलते. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाहिले ते परागकणांमधले अतिसूक्ष्म कण, पाण्यात. ही गती दाखवायला दुधाचा एक थेंब पाण्याच्या दहा थेंबांत मिसळा, काचपट्टीवर आच्छादन-काच ठेवा, कडांना व्हॅसलीन लावा आणि ४०० पट वर्धनाखाली सर्वांत बारीक स्निग्ध गोलक पाहा. ते जागच्या जागी थरथरतात. सगळे एकाच दिशेला सरकत असतील तर तो पाण्याचा प्रवाह, थोडं थांबा.

दहावीच्या भिंगांच्या गणितात 'कार्टेशियन चिन्ह संकेत' म्हणजे गणितज्ञ देकार्तचे अक्ष: आरंभबिंदू प्रकाशीय मध्य, वस्तू डावीकडे, म्हणून तिचं अंतर ऋण. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर असेल तर भिंगाच्या सूत्रात (१/v − १/u = १/f) u म्हणून −१५ घातल्यावर प्रतिमा ३० सेंमीवर येते. उणे विसरलात तर उत्तर ६ येईल.