परीक्षानळीत दिसणारी युरियाची वाट

युरिया पेशीपटलातून कसा जातो, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा तीन परीक्षानळ्या अधिक स्पष्ट दाखवतात. पुण्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हा प्रयोग तासाभरात होतो.

पहिल्या नळीसाठी १२ ग्रॅम युरिया ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर करावे, म्हणजे ते २ मोलर होते. खडकवासल्याचे नळाचे पाणी येथे चालत नाही. कृषी सेवा केंद्रातला युरियाही नको, कारण त्यावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. युरिया विरघळताना उष्णता शोषतो आणि चंचुपात्र गार पडते, म्हणून द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. दुसरीसाठी १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, तर तिसरीसाठी तेवढ्याच द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ व १२ ग्रॅम युरिया असे दोन्ही घ्यावे.

हातमोजे घालून, रक्तपेढीने तपासून दिलेल्या रक्ताचा एकेक थेंब प्रत्येक नळीतील ५ मिलिलिटर द्रावणात टाकावा आणि नळीमागे वर्तमानपत्र धरावे. पहिल्या नळीतून थोड्याच वेळात अक्षरे वाचता येतात, कारण रक्तातील तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. उरलेल्या दोन्ही गढूळच राहतात.

पहिल्या नळीतले द्रावण पेशीतील द्रवापेक्षा सुमारे सातपट संहत असल्याने पेशी आकसायला हवी, आणि क्षणभर ती आकसतेही; परंतु युरिया पटलातील यूटी-बी या प्रथिनाच्या वाटेने झपाट्याने आत शिरतो, त्यामागोमाग पाणी येते आणि त्याला बाहेर रोखणारे मीठ नसल्याने पेशी फुटते. तिसऱ्या नळीतही युरिया आत जातोच, पण तेथे बाहेरचे मीठ तोल सांभाळते. या प्रथिनाचे तीन घटक असतात व प्रत्येकाची वाट स्वतंत्र असते. युरिया अधिक संहतीकडून कमी संहतीकडे जात असल्याने एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन, खर्च होत नाही.

एबीओसारखीच एक रक्तगट पद्धत असलेल्या किड रक्तगटाचे प्रतिजन, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, याच प्रथिनावर असतात. ज्यांच्यात हे प्रथिन नसते, त्यांच्या पेशी पहिल्या द्रावणात अर्धा तासही टिकतात, आणि रक्तपेढ्या असे दुर्मीळ दाते याच कसोटीने शोधतात. मूत्रपिंडाच्या युरियाने भरलेल्या अंतर्भागातून जाताना तांबड्या पेशीला ही वाट उपयोगी पडते. तेथील संकलन नलिकांत मात्र यूटी-ए१ हे भावंड काम करते, आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक त्याचा वेग वाढवते.

प्रयोग संपल्यावर नळ्यांतील द्रव सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवूनच टाकावा.