सुईदोऱ्याची गुंडाळी: कप्पे दुसऱ्यांदा शिवले तेव्हा जमले

आईच्या खणाच्या पोलक्यांचं कापड उरलं होतं. त्यातून प्रवासात न्यायला सुईदोऱ्याची गुंडाळी शिवली. 18 इंच लांब, आत सहा कप्पे, बांधायला नाडी. देखणी झाली, पण टेप काही केल्या कप्प्यात जाईना, आणि दोन दिवसांत कात्रीच्या टोकाने तळ फाडला.

उसवायला घेतल्यावर चूक कळली. कप्प्यांची पट्टीही मी 18 इंचच कापली होती. सपाट पट्टीवर उभ्या टिपा मारल्या की कप्प्याला पोटच उरत नाही. नवी पट्टी 24 इंचांची घेतली, म्हणजे दर कप्प्याला एक इंच ढिलाई. ती तळाशी दर कप्प्याच्या दोन्ही कडांना पाव इंच खोल चुणी घालून बसवली. आता टेप, बॉबिनची डबी, खडू, सगळं मावतं. कप्प्याच्या तोंडाशी टीप दोनदा उलटसुलट मारा, हे मात्र विसरू नका. ताण तिथेच येतो.

कात्रीसाठी जुन्या जीन्सचा दुहेरी तुकडा आतून लावला आणि तळ कात्रीसारखाच निमुळता शिवला. टोक आता हलतच नाही. वरून एक झडप घेतली, म्हणजे गुंडाळताना काही घरंगळत नाही.

सुयांना जुन्या लोकरी शालीची दोन पानं लावली. नाकं एका रांगेत, जाड सुई शेवटी. ते पान उघडलं की मला फार बरं वाटतं.