खोलीचाच डोळा करा: बाहेरचं दृश्य भिंतीवर उलटं कसं पाडायचं

डोळ्याची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढलीय, भागांची नावंही पाठ केलीत, पण ते भाग आत नेमकं काय करतात हे बघायचं असेल तर घरातली एक खोली दोनेक तासांसाठी ताब्यात घ्या. मुलं घरात असतील तर नक्कीच करा.

शक्यतो एकच खिडकी असलेली खोली घ्या, समोरची भिंत पांढरी आणि साधारण 3 मीटरवर असेल तर उत्तम, नाहीतर चादर टांगा. बाहेर लख्ख ऊन पाहिजे, पण ते समोरच्या झाडांवर किंवा बिल्डिंगवर पडलेलं, तुमच्या खिडकीत नको, म्हणजे खिडकी पूर्वेला असेल तर दुपारनंतर आणि पश्चिमेला असेल तर सकाळी. हे पाळाच, कारण भोकातून सूर्याकडे बघणं धोक्याचं आहे आणि पुढे आपण भिंग लावणार आहोत, त्यातून ऊन आलं तर कागद पेटू शकतो.

आता खिडकी पूर्ण बंद करायची. पुठ्ठे, काळा चार्ट पेपर, चिकटपट्टी, जे असेल ते, फक्त कडेच्या फटी सोडू नका, दाराखाली टॉवेल लावा, सगळा खेळ तिथेच बिघडतो. मग मधोमध 1 सेंटीमीटरचं गोल भोक पाडा आणि गप्प बसून राहा. लगेच काही दिसणार नाही. उन्हात डोळ्याची बाहुली 2 मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, अंधारात ती फाकते, पण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) अंधारात काम करणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना पूर्ण तयार व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. दहा मिनिटांत मात्र भिंतीवर आकाश दिसायला लागेल, तेही खाली, आणि वर झाडं, वाळत घातलेले कपडे, उलटी चालणारी रिक्षा, सगळं रंगीत आणि हलतं!

उलटं का, तर प्रकाश सरळ रेषेत जातो. नारळाच्या शेंड्याकडून निघालेला किरण भोकातून तिरका खाली उतरतो, बुंध्याकडचा वर चढतो, तसंच डावं उजवीकडे जातं. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते ती याच कारणाने. आपल्या डोळ्याच्या पडद्यावरही चित्र असंच उलटं पडतं, सरळ जग आपल्याला मेंदू दाखवतो.

आता भोक 3 सेंटीमीटर करा. उजेड वाढेल पण चित्र पार फिसकटेल, कारण एकाच पानाकडून आलेले किरण भिंतीवर मोठ्या ठिपक्यात पसरतात. इथे भिंग लागतं. घरात कुणाचा वाचायचा +2 नंबरचा चष्मा असेल तर त्याची एक काच भोकावर धरा, आजूबाजूचा उजेड पुठ्ठ्याने अडवा आणि आत साधारण 50 सेंटीमीटरवर पांढरा कागद धरा, मागेपुढे करत. एका जागी चित्र एकदम कडक येईल, पानं मोजता येतील इतकं. ही खरी मजा आहे, घाई करू नका. आपल्या डोळ्यात हे सगळं जेमतेम 24 मिलिमीटरमध्ये बसवलंय, आणि किरण वाकवायचं जवळपास दोन तृतीयांश काम पुढचा पारदर्शक कॉर्निया करतो, आतलं भिंग बाकीचं, पण जवळचं-लांबचं जुळवायचं काम त्या आतल्या भिंगाचंच. चाळिशीत ते कडक होतं आणि चष्मा येतो.

कागद तिथून थोडा मागे, भिंगापासून लांब न्या. चित्र धूसर झालं ना? मायनस नंबरवाल्याचा डोळा बहुतेक वेळा असाच असतो, मागे जरा लांब झालेला, पडदा चुकीच्या जागी. कागद तिथेच ठेवून भिंगावर लहान भोकाचा पुठ्ठा लावा, चित्र मंद होईल पण पुन्हा बरंच स्पष्ट होईल, कारण तो पसरणारा ठिपका बारीक झाला.

नंबर वाढलेली मुलं फळ्याकडे डोळे बारीक करून बघतात ते नेमकं यामुळे. डोळ्यांचे डॉक्टरही बारीक भोकाची काळी चकती डोळ्यासमोर धरायला देतात, त्यातून अक्षरं स्पष्ट दिसली तर बहुधा चष्म्याने काम होतं, नाही दिसली तर कारण दुसरीकडे शोधतात. म्हणून मूल टीव्ही बघताना डोळे बारीक करत असेल तर त्याला ओरडू नका, त्याच आठवड्यात नंबर तपासून घ्या.