चार ग्लासांचं धोपाटणं: भंगार लाकडातून टेस्टिंग पॅडल

बिअरचे चार छोटे ग्लास एका रांगेत मांडायची लाकडी फळी, म्हणजे टेस्टिंग पॅडल, दिसायला थेट धोपाटण्यासारखी असते. रुंद पाट, त्यात चार गोल खाचा आणि एका टोकाला मूठ. इंदूरच्या घरात ती बिअरपुरती राहत नाही. मे महिन्यात पाहुण्यांना पन्हं, कोकम सरबत, ताक आणि जलजिरा एकाच फेरीत चाखायला द्यायचा असेल तर हीच फळी कामाला येते. काम सुट्टीच्या दोन दिवसांचं आहे आणि लाकूड बहुतेक वेळा घरातच पडलेलं असतं. बिघडतं ते दोनच ठिकाणी: खाच ग्लासाला नीट बसत नाही, नाहीतर मूठ मानेपाशी तुटते. बाकीच्या चुका रंधा आणि पॉलिशपेपर झाकून घेतात.

म्हणून आधी ग्लास घ्या, लाकूड नंतर. चार ग्लास एकाच मापाचे हवेत. चाखायच्या बिअरचे ग्लास साधारण १२० ते १५० मिलीचे असतात. चहाचे काचेचे जाड ग्लासही चालतात. प्रत्येक ग्लासाची दोन मापं घ्या. एक, बुडापासून १० मिमी उंचीवरचा व्यास. अगदी बुडाचा नाही, कारण ग्लास वर रुंद होत जातो आणि खाचेच्या काठाला टेकतो तो हा भाग. दुसरं, ग्लासाच्या सर्वांत रुंद जागेचा व्यास. खाच पहिल्या मापापेक्षा ३-४ मिमी मोठी ठेवा. एवढी सैल कशाला, असं वाटेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये केलेली गोल खाच इंदूरच्या कोरड्या मे महिन्यात गोल राहत नाही. वाळताना लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे खाच किंचित लंबगोल होते. नेमक्या मापाची केलीत तर उन्हाळ्यात ग्लास अडकून बसेल.

खाच पाडायला होल सॉ लागतो, म्हणजे ड्रिल मशीनला लावायची दातेरी वाटी. तो ठरावीक मापांत मिळतो. दाराचं गोल कुलूप बसवायला ५४ मिमीचा वापरतात, त्यामुळे तो कुठेही मिळतो. ५० मिमी व्यासाच्या ग्लासाला तो बरोबर बसतो. ग्लास पिशवीत घालूनच इंदूरच्या सियागंज बाजारात जा आणि वाटीत उतरवून बघा. सुताराकडे ३५ मिमीचा बिट हमखास असतो, पण तो कपाटाच्या बिजागरीच्या कपासाठी असतो. त्यात ग्लासाचं बूड जाणार नाही.

आता मापं. ग्लासाची सर्वांत रुंद जागा ६२ मिमी धरू. दोन ग्लासांच्या मध्ये बोटं जायला २०-२५ मिमी जागा लागते, म्हणून खाचेच्या केंद्रापासून पुढच्या खाचेच्या केंद्रापर्यंत ८५ मिमी. चार खाचांची तीन अंतरं, २५५ मिमी. पहिल्या केंद्रापासून फळीच्या टोकापर्यंत ५५, शेवटच्या केंद्रापासून मुठीच्या सुरुवातीपर्यंत ५५ आणि मूठ १३० मिमी. एकूण ४९५, म्हणजे अर्ध्या मीटरची फळी पुरते. रुंदी ११० मिमी, जाडी २० ते २२ मिमी. हा आकार आधी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून कापा आणि त्यावर ग्लास ठेवून बघा. पुठ्ठ्यावर दाटी झाली तर लाकडावरही होणारच.

लाकूड निवडताना पहिला प्रश्न हा, की ते आधी कशाला वापरलं होतं. जुन्या चौकटीचा किंवा पलंगाचा सागवान सर्वांत उत्तम: वाळून मुरलेला, पाण्याला सोसणारा. शिसम जड पण मजबूत. बाभळीला रंधा मारताना घाम फुटतो, तरी ती टिकते. आंब्याची फळी स्वस्त असते. तिला कीड लागलेली नाही ना, बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसतो का, एवढं बघा. पीथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांतून येणारे पॅलेट बहुधा पाइनचे असतात. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अक्षरं असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. शिक्काच नसेल तर नाकाने ठरवा: तेलाचा, औषधाचा वास किंवा काळा-हिरवा डाग असला की फळी चुलीतसुद्धा घालू नका, भंगारात द्या. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट, म्हणजे डांबरातून काढलेलं विषारी तेल, पाजलेले असतात, तेही नकोत. प्लायवूड आणि एमडीएफ इथे निरुपयोगी. खाचेच्या कापलेल्या काठातून पाणी शिरून प्लायवूडचे थर सुटतात आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, फुगते.

जुना रंग असलेली चौकट असेल तर जरा थांबा. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती, ते डोळ्यांनी कळत नाही. असा रंग कोरडा घासू नका. तो ओला करून पत्र्याने खरवडा, कचरा पिशवीत बांधा, आणि मुलांना लांब ठेवा.

खिळे काढल्यावर फळीवरून लोहचुंबक फिरवा. तुटलेल्या खिळ्याचं टोक आत राहिलं की होल सॉचे दात एका फेऱ्यात जातात, आणि आरा मशीनवाला तुमची फळी पुन्हा हातात धरणार नाही. लाकूड ओलसर असेल तर दोन-तीन आठवडे घरात, मध्ये काड्या ठेवून रचा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

खाच पाडायच्या दोन रीती आहेत. फोर्स्टनर बिट असेल तर २० मिमीच्या एकाच फळीत १० मिमी खोल सपाट खाच थेट पडते. पण ५४-५५ मिमीचा हा बिट महाग असतो आणि हातातल्या ड्रिलवर तो भरकटतो. त्याला स्टँडवरचं ड्रिलच हवं. भंगार लाकडासाठी दुसरी रीत बरी: दोन पातळ फळ्या. वरच्या १२ मिमी फळीत आरपार भोकं, खाली १० मिमीची अखंड फळी, दोन्ही एकमेकींना चिकटवलेल्या. खाचेचा तळ आपोआप सपाट मिळतो. फळ्या या जाडीला आणायला आरा मशीनवर प्लेनर मारून घ्या. दोन्हींच्या रेषा लांबीच्याच दिशेला हव्यात. एक उभी आणि एक आडवी लावलीत तर पहिल्याच पावसाळ्यात फळी पापडासारखी वळेल.

भोकं पाडताना फळी चौकोनीच ठेवा, मुठीचा आकार नंतर. चौकोनी फळी सी-क्लॅम्पने घट्ट धरता येते आणि हे धरणं चुकवू नका: होल सॉ अडकला की मशीन मनगट पिळून टाकतं. मशीनचं बाजूचं हँडलही लावा. केंद्रावर दाभणाने खूण करा. होल सॉ हलका टेकवून नुसती गोल रेघ उमटवा, थांबा, आणि त्या रेघेवर आतल्या अंगाला ८ मिमीचं एक भोक आरपार पाडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. भुशाला बाहेर पडायला वाट नसली की तो दातांत कोंबला जातो, दात घासतात, लाकूड जळतं आणि खाचेचा काठ काळा पडतो. वाट मिळाली की भुसा भुरभुर खाली पडतो आणि वाटी सरळ उतरते. वेग कमी ठेवा, मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आत. वाटीच्या मधला बारीक बिट, म्हणजे पायलट बिट, खालून डोकावला की थांबा, फळी उलटा आणि उरलेलं त्या बाजूने कापा, म्हणजे काठाच्या चिपा उडणार नाहीत.

चिकटवण्याआधी आणखी एक काम. थंड ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं आणि ते खाचेत साचतं. मग ओलं बूड तळाला धरून बसतं. ग्लास उचलायला जावं तर अख्खं पॅडल उचललं जातं आणि दुसरे तीन ग्लास सांडतात. म्हणून खालच्या फळीत प्रत्येक खाचेच्या मधोमध ६ मिमीचं भोक पाडा, हवा आणि पाणी दोन्हींची सोय होते. शेवटी फळीच्या पोटाला चार कोपऱ्यांवर ३ मिमीची रबरी बटणं लावली नाहीत तर हे भोक टेबलावर झाकलं जाईल आणि केलेलं वाया जाईल.

गोंद पाणी सोसणारा घ्या, फेविकॉल मरीनसारखा. साधा पांढरा फेविकॉल रोज ओल लागली की पांढुरका होऊन सुटतो. एकाच फळीवर पातळ, सारखा हात फिरवा. खाचेच्या काठापासून ३ मिमी जागा कोरडी सोडा. दाबल्यावर गोंद आपणच तिथपर्यंत पसरतो. फळ्या ओल्या गोंदावर सरकतात, म्हणून मुठीच्या बाजूच्या टाकाऊ कोपऱ्यांत दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून फळ्या अडकवा आणि मगच क्लॅम्प कसा. चार क्लॅम्प तरी लागतील. अर्ध्या तासाने खाचेत आलेला गोंद जेलीसारखा झाला की पटाशीच्या टोकाने खरवडा. ओल्या फडक्याने पुसलात तर तो लाकडात जिरतो आणि तेल दिल्यावर तिथे फिकट डाग दिसतो. २४ तास हात लावू नका, पावसाळ्यात ३६.

आता मूठ. भरलेल्या पॅडलचं वजन धरून बघा: चार ग्लासांतलं पेय जवळपास अर्धा किलो, ग्लास सहाशे ग्रॅमच्या आसपास, लाकूड तेवढंच. पावणेदोन किलोच्या आसपास गेलं, आणि त्यातला बहुतेक भार मुठीपासून वीतभर पुढे. सगळा ताण मानेत येतो, म्हणजे पाट अरुंद होऊन मूठ सुरू होते तिथे. मान काटकोनात कापलीत तर कोपऱ्यातून चीर जाते. तिथे २५ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. औषधाच्या बाटलीचं बूड ठेवून रेघ मारली की झालं. मुठीची रुंदी ४० मिमीपेक्षा कमी नको. मानेत गाठ नको. फळीच्या बाजूच्या कडेकडे बघा: लाकडाच्या रेषा मानेतून तिरप्या बाहेर पडत असतील तर फळी उलट टोकाने वापरा, मूठ तिकडे काढा. आकार जिगसॉने किंवा बारीक करवतीने कापा, चुका ठोकलेले कोपरे इथेच गळून पडतात. कडा कानसीने गोल करा आणि टांगायला टोकापासून २५ मिमीवर १० मिमीचं भोक पाडा.

एवढं करूनही भरलेलं पॅडल एका हाताने मुठीला धरून मिरवू नये. दुसरा हात पुढच्या टोकाखाली हवा.

पॉलिशपेपर, ज्याला दुकानात रेगमाल म्हणतात, ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचे घ्या, त्याच क्रमाने, रेषांच्या दिशेने. ८० वरून थेट २२० वर उडी मारलीत तर ओरखडे तेल दिल्यावरच दिसतात, तोवर उशीर झालेला असतो. शेवटी ओल्या फडक्याने फळी पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू २२० ने हलकेच उतरवा. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, मास्क लावा.

तेलात सर्वाधिक गफलत होते. स्वयंपाकघरातलं तेल नको. शेंगदाणा आणि मोहरी खवट होते, आणि माळव्यात घरोघरी असलेलं सोयाबीन तेल अर्धवट वाळून चिकट थर धरतं, ज्यावर धूळ बसते. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. ते १०० ग्रॅम आणि मधमाश्यांचं मेण २५ ग्रॅम, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, थेट आचेवर ठेवू नका. आधी नुसत्या तेलाचे दोन हात, मध्ये एक रात्र, मग या मलमाचा एक. खाचेच्या आतल्या भिंतींना जास्त द्या, तिथे लाकडाचे तुटलेले तंतू असतात आणि ते तेल पितात. पोटाच्या बाजूलाही तेवढंच तेल द्या, नाहीतर फळी एका अंगाने ओल घेऊन वाकते. जवसाचं तेल वापरायचंच असेल तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून उन्हात वाळवा.

कडकडीत गरम चहा ठेवायचा असेल तर मेण नको, ते मऊ पडून ग्लासाला चिकटतं. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन-तीन हात द्या आणि आठवडाभर वाळू द्या.

धुताना पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि उभी करून ठेवा. थेंब टाकल्यावर तो मोत्यासारखा न राहता लगेच जिरला की पुन्हा तेलाचा हात.

राहिले नंबर. प्रत्येक खाचेशेजारी ब्लॅकबोर्ड पेंटची पट्टी दिली तर खडूने नाव लिहिता येतं. एक नंबर मुठीजवळ द्यायचा मोह होतो. तो पुढच्या टोकाला द्या. चव हलक्यापासून जडकडे जाते: आधी व्हीट बिअर किंवा लागर, मग कडवट आयपीए, शेवटी स्टाउट. घरच्या फेरीत आधी जलजिरा, मग कोकम आणि पन्हं, आणि चौथ्या खाचेत इंदुरी शिकंजी असेल तर ती सर्वांत शेवटी. ही लिंबाची नव्हे, आटवलेल्या दुधाची, सुक्यामेव्याची दाट; तिच्यानंतर जिभेला दुसरं काही कळत नाही. या क्रमाने पुढचे ग्लास आधी रिकामे होतात, भार मुठीकडे सरकत येतो आणि हातातून हातात जाताना पॅडलचं टोक खाली झुकत नाही.