जुनी टूरिंग बाइक आणि नवी: राइड आणि हँडलिंगची तुलना कशी करावी

जुन्या टूरिंग बाइकवरून उतरून नवीवर बसलेल्या माणसाचा निकाल पाचव्या मिनिटाला लागलेला असतो. ‘जुनी म्हणजे नुसता ठोकळा, नवी लोण्यासारखी!’ नेमकं याच्या उलट बोलणारेही भेटतात, जुन्या गाडीत जीव होता आणि नव्या नुसत्या कॉम्प्युटर झाल्यात म्हणणारे. माझा दोघांवरही फारसा विश्वास नाही. बहुतेक वेळा तुलना जुन्या आणि नव्या डिझाइनची झालेलीच नसते, झिजलेल्या आणि ताज्या गाडीची झालेली असते. वीस वर्षांत एकदाही फोर्कमधलं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन सस्पेन्शन नळ्यांमधलं) ऑइल न बदललेली बाइक नव्या मॉडेलपुढे हरणारच. ती स्वतःच्या तरुणपणापुढेही हरली असती.

म्हणून तुलनेचं निम्मं काम गाडी सुरू करण्याआधीच करायचं आहे.

वहीत दोन रकाने आखा

राइड म्हणजे रस्ता तुमच्यापर्यंत किती पोचतो ते. हँडलिंग म्हणजे तुमचं म्हणणं गाडीपर्यंत किती पोचतं ते. दोन्हींना वेगळे रकाने द्या, कारण या दोघांचं नेहमी जमतंच असं नाही. मऊ स्प्रिंगची गाडी खड्डे गिळते, पण ब्रेक मारला की नाक खाली घालते आणि वळणात डोलते. एकच एक ‘मस्त’ किंवा ‘बेकार’ लिहिलंत तर दोन दिवसांनी ते कशाबद्दल होतं हे तुम्हालाच आठवणार नाही.

जुन्या गाडीला माणसात आणा

सुरुवात टायरपासून. टायरच्या कडेवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. १४१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाआधीचा आहे. त्यावरून चाचणी सोडाच, कोपऱ्यापर्यंतही जाऊ नका. पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होऊ लागतं, नक्षी शिल्लक दिसली तरी. दुसरं म्हणजे टायरचा आकार. महामार्गावर सरळ पळून पळून टायर मधोमध सपाट होतो. असा टायर वळणात शिरताना आधी अडतो आणि मग एकदम कलतो. चालवणारा ‘जुन्या गाड्यांचं हँडलिंग असंच’ म्हणून मोकळा होतो. दोष टायरचा, शिव्या चेसिसला.

हवा थंड टायरमध्ये, स्वतःच्या गेजने मोजा. एकदा मित्राची जुनी बाइक ‘वळणात बाहेर पळते’ म्हणून माझ्याकडे आली. मी अर्धा दिवस स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि फ्रेम धुंडाळत बसलो. संध्याकाळी मागची हवा मोजली, तर ४० पीएसआय हवी तिथे २४. तेव्हापासून हातात पाना घेण्याआधी मी गेज घेतो.

मग बेअरिंग. पुढचं चाक जमिनीपासून उचलून हँडल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे अगदी हळू, दोन बोटांनी फिरवा. बरोबर मधोमध ते खाचेत बसल्यासारखं अडखळलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा संच) गेलेला आहे. गाडीचा बहुतेक प्रवास सरळ होतो, त्यामुळे गोळ्या त्याच जागी आदळून तिथे खड्डे पाडतात. अशी गाडी कमी वेगात एका रेषेत ठेवता येत नाही, सतत इकडेतिकडे सावरावी लागते. आता फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. टक असा आवाज आला तर कोनसेट ढिला आहे. मागचं चाक उचलून स्विंगआर्म आडवा हलवून पाहा, तिथे जराही खेळ नको.

फोर्क ऑइल बदला, सील गळत असतील तर तेही. मागचा शॉक तपासायला गाडीची शेपूट जोरात दाबून सोडा. ती वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर डँपिंग (डुलणं थांबवणारा आतला रोध) संपलेलं आहे, आणि मग त्या शॉकवर बसून काढलेला कुठलाही निष्कर्ष डिझाइनबद्दल काही सांगत नाही.

सॅग मोजा, दोन्ही गाड्यांचं

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि पस्तावतात. सॅग म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते माप. मोजपट्टी, एक मदतनीस आणि पंधरा मिनिटं लागतात.

चाक पूर्ण हवेत असताना मागच्या धुऱ्यापासून सीटखालच्या एखाद्या ठरलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजा. समजा ६०२ मिमी आलं. आता गाडी दोन्ही चाकांवर उभी करून, नेहमीचे कपडे-हेल्मेट घालून, पाय फूटरेस्टवर ठेवून बसा. मदतनीस पुन्हा मोजेल. ५६६ मिमी आलं तर सॅग ३६ मिमी. टूरिंग बाइकसाठी साधारण ३० ते ४० मिमी, म्हणजे चाक एकूण जितकं वर-खाली होऊ शकतं त्याच्या पाव ते एक तृतीयांश, ही चांगली मर्यादा. कमी-जास्त असेल तर प्रीलोड (स्प्रिंग आधीपासून किती दाबलेली असेल ते ठरवणारी जुळणी) फिरवून जमवा.

फोर्क मोजताना एक गंमत होते. आतल्या घर्षणामुळे तो प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबतो. म्हणून एकदा दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, मग उचलून हळूच खाली बसू द्या आणि मोजा. दोन्हींची सरासरी खरी. या दोन मापांमधलं अंतर फार मोठं असेल तर फोर्क आत कुठेतरी अडकतोय.

आता गाडीवरून उतरा आणि ती नुसत्या स्वतःच्या वजनाने किती बसते ते पाहा. तुमच्यासकटचं सॅग बरोबर आहे, पण एकटी गाडी जवळजवळ बसतच नाही, असं दिसलं तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि प्रीलोडने तिला उगाच दाबून धरलंय.

नव्या गाडीत हे काम बटणावर होत असेल. एक माणूस, दोन माणसं, सामान असे पर्याय असतात. बरोबर पर्याय निवडा आणि चाचणी संपेपर्यंत बदलू नका. डुकाटीच्या मल्टिस्ट्राडावर २०१३ पासून स्कायहुक नावाचं सस्पेन्शन येतं. ते चालत्या गाडीत डँपिंग सतत बदलत राहतं. अशा गाडीत मऊ आणि कडक अशा दोन्ही मोडमध्ये स्वतंत्र फेरी मारा. त्या जवळजवळ दोन वेगळ्या गाड्या आहेत.

एकच रस्ता, तीन फेऱ्या

पंधरा-वीस किलोमीटरचा, पाठ असलेला रस्ता घ्या. त्यात थोडा खराब भाग, काही वळणं आणि एक मोकळा सरळ पट्टा हवा. चालक तोच, सामान तेवढंच, वेग कायद्यात बसणारा. क्रम मात्र जुनी, नवी, पुन्हा जुनी असा ठेवा. पहिल्या फेरीत जुनीबद्दल जे वाटतं त्यातलं निम्मं दुसऱ्यांदा बसल्यावर बदलतं, कारण मधल्या वेळात शरीराला नव्याची सवय झालेली असते. उतरल्या उतरल्या लिहा, चहाआधी.

कुठे काय जाणवतं

मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढा. इथे वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे हे कळतं. होंडाची गोल्ड विंग १९७५ च्या मॉडेलपासून सपाट, आडवं पडलेलं इंजिन वापरते आणि तिची पेट्रोलची टाकी सीटखाली असते. म्हणून उभी असताना भीती घालणारी ही गाडी चालू लागली की आज्ञाधारक होते. हे जुन्यालाही लागू आणि नव्यालाही.

वळणांत टायरच्या रुंदीकडे लक्ष द्या. त्या १९७५ च्या गोल्ड विंगचा मागचा टायर साडेचार इंची होता, २०१८ च्या गाडीचा २०० मिमी. टायर रुंद झाला की गाडी कलताना जमिनीला टेकणारा भाग जास्त बाजूला सरकतो, आणि त्याच वेगात तेच वळण घ्यायला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते. म्हणून अरुंद टायरची जुनी गाडी कित्येकदा वळणात पटकन शिरते, आणि नवीवरून आलेल्याला त्याचं आश्चर्य वाटतं. नवीचं पारडं जड होतं ते वळणाच्या मध्यात खड्डा आला की. ताठ फ्रेम आणि चांगलं डँपिंग असलेली गाडी एकदा हलते आणि रेषेवर राहते. जुनी थोडी पिळवटते, दोन-तीन वेळा डुलते. वहीत नुसतं ‘हलली’ लिहू नका, किती वेळा हलली ते लिहा.

ब्रेकची चाचणी सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना, हळूहळू जोर वाढवत करा. नाक किती खाली जातं ते पाहा. बीएमडब्ल्यूने १९९३ साली आर११००आरएसवर टेलिलिव्हर आणला, त्यात ब्रेकचा भार फोर्कवर न जाता वेगळ्या आर्मने फ्रेमकडे जातो आणि नाक फारसं खाली जात नाही. २०१८ च्या गोल्ड विंगने तर नेहमीचा फोर्क काढून पुढे डबल विशबोन (दोन आर्मची जोडणी) बसवला, म्हणजे चाक वर-खाली होणं आणि हँडलने वळणं ही कामं वेगळी झाली. हातांना बसणारे धक्के कमी होतात. मात्र पुढचा टायर काय करतोय हेही हातांना कमी कळतं, असं काही मुरलेले चालक म्हणतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं. अशा गाडीला राइडच्या रकान्यात पूर्ण गुण द्या आणि हँडलिंगच्या रकान्यात आपला हात काय सांगतो ते प्रामाणिकपणे लिहा.

वळणात कललेल्या गाडीवर ब्रेकची परीक्षा घेऊ नका. बीएमडब्ल्यूच्या के१०० वर एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) १९८८ मध्येच आलं, पण कललेल्या अवस्थेचा विचार करणारं एबीएस २०१४ च्या केटीएम ११९० अ‍ॅडव्हेंचरपासून मिळू लागलं. त्याआधीची गाडी वळणात माफ करत नाही.

मोकळ्या पट्ट्यावर वारा तपासा. समोरून मोठा ट्रक गेला की हँडल काय करतं? फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं कवच) फोर्कला लावलेलं असेल तर वाऱ्याचा धक्का थेट हँडलमध्ये येतो. फ्रेमला लावलेलं असेल तर अख्खी गाडी ढकलली जाते, हँडल मात्र शांत राहतं. हार्ले-डेव्हिडसनने १९८० च्या टूर ग्लाइडवर फ्रेमवरचं फेअरिंग दिलं, आणि तिच्या इलेक्ट्रा ग्लाइडवर फोर्कवरचं चालू राहिलं. म्हणजे इथे फरक वयाचा नाही, बांधणीचा आहे. वेगात शेपूट डोलायला लागली तर आधी टॉप बॉक्स रिकामा करून पाहा. मागे उंचावर ठेवलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. आणि डोलणारी गाडी पाहायला म्हणून हँडलवरचे हात कधीही सोडू नका.

मागे माणूस बसवून एक फेरी हवीच. मागच्याचं मत वेगळं लिहा, ते अनेकदा तुमच्या मताच्या उलट असतं.

दोन तासांची फेरी

छोट्या फेरीत न कळणारी एक गोष्ट उरते: दमणूक. प्रत्येक गाडीवर वेगवेगळ्या दिवशी न थांबता दोन तास चालवा आणि उतरल्यावर मनगटं, मान, कंबर यांपैकी आधी काय बोलतं ते टिपा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पुन्हा एकदा टिपा. माझ्या वहीत जुन्या गाडीच्या पानावर सकाळची नोंद ‘डावं मनगट’ आहे, नवीच्या पानावर ‘कंबर’, आणि नवीची सीट जास्त मऊ होती.